झडती शिळी चालत नाही

थांबणं हा प्रकार मला जमत नाही. कुकरची शिट्टी व्हायच्या आधीच मी गॅसपाशी जाऊन उभी असते. वर्गात एखादी पोरगी उत्तर देता देता अडली, की तिचं उरलेलं उत्तर मीच देऊन टाकायचे आणि वर तिलाच शाबासकी द्यायचे. अमरावतीत अख्खी नोकरी मराठी शिकवण्यात गेली. निरोपसमारंभात हेडबाई म्हणाल्या, "आमच्या बाईंच्या वर्गात प्रश्नही बाईंचा अन् उत्तरही बाईंचंच." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

आमचे हे अगदी उलटे. बसस्टँडवर कंट्रोलर होते. माईकवर मूर्तिजापूर-अकोल्याची गाडी पुकारायचे, तेव्हा आवाज रसवंतीच्या घुंगरांवरून पार रिक्षास्टँडपर्यंत जायचा. पण घरात माणूस सावकाश. वाक्य बोलायला घेतलं की मध्येच अडकित्ता काढणार, सुपारी कातरणार, ती तोंडात टाकणार आणि मग उरलेलं वाक्य. तोवर मी ते पुरं करून दुसऱ्या विषयावर गेलेली असायचे. "मास्तरीण," म्हणायचे, "माह्या तोंडातला घास काढून घे, पन शब्द नको काढू." लग्नाच्या पहिल्या आठवड्यापासून ते मला मास्तरीणच म्हणतात.

यांचं गाव वलगाव, अमरावतीला लागूनच. शेती धाकटे दीर पाहतात. नांगरणी आता ट्रॅक्टरनं होते, तरी दिरांनी एक बैलजोडी ठेवली आहे. कोणी विचारलं तर म्हणतात, "पोयाच्या दिवशी तोरनाखाली काय ट्रॅक्टर उभा करू?" वऱ्हाडी जिभेवर ळ टिकत नाही, त्याचा य होतो. पोळ्याचा पोया, डोळ्याचा डोया. आमच्याकडे ते कोणाला खटकत नाही.

आणि आमच्या पोळ्यात झडती असते. बाहेरच्या माणसाला सांगावं लागतं म्हणून सांगते. गावभरचे बैल सजून तोरणाखाली आले, की पोळा फुटायच्या आधी, म्हणजे बैल घरोघरी न्यायच्या आधी, एक जण पुढे होतो आणि चार ओळी खणखणीत फेकतो. सरपंचावर, सरकारवर, सोयऱ्यावर, कोणावरही. शेवटी "एक नमन गौरा पारबती, हर बोला" म्हटलं की सारं गाव "हर हर महादेव" करतं. मग समोरच्या आळीतला कोणी त्याला उत्तर देतो. आमच्या गावात पहिली झडती वरच्या आळीची, ती यांची. उत्तर खालच्या आळीचं, ते यांच्या चुलतभावाचं. झडती दरसाल नवी लागते. गेल्या वर्षीची म्हटली तर पोरं "शिळी, शिळी" करून ओरडतात. आणि म्हणणारा मध्येच अडला तर त्याला कोणी शब्द द्यायचा नाही, अगदी सख्ख्या भावानंही नाही. तो तसाच मागे फिरला, तर पहिल्या झडतीचा मान दुसऱ्या आळीकडे जातो. लग्न होऊन आले तेव्हापासून मी पाहते आहे, हे कधी अडले नाहीत. घरात एका वाक्याला दोन सुपाऱ्या लागणारा हा माणूस तोरणाखाली गेला की ज्वारीच्या लाह्या फुटाव्यात तसा बोलायचा.

संक्रांतीनंतर यांना लकवा झाला. सकाळी उठले तर तोंड एका बाजूला आणि उजवा हात लुळा. दवाखाना झाला, मालिश झालं. पाय सावरला, हात थोडा आखडलेला राहिला, चालायला काठी आली. हे सगळं निभावलं असतं. पण बोलणं बिघडलं. आवाज तोच होता, दणदणीत. समजतही सगळं होतं. शब्द मात्र सापडत नव्हते, आणि सापडलाच तर शेजारचा सापडायचा. काठी मागायला जायचे आणि "काटी, ताटी, पाटी" करत "पाटी दे" वर येऊन थांबायचे. आपलं चुकलं हे माझ्याआधी त्यांनाच कळायचं, आणि मग ते डोळे मिटून घ्यायचे. मला ते पाहवत नसे. मी उठून स्वयंपाकघरात जायचे आणि भांडी उगाच जोरात घासायचे.

एकदा शेजारचे गृहस्थ भेटायला आले. "काय झालं भाऊ?" त्यांनी विचारलं. यांनी जीव एकवटून सांगितलं, "चकवा." शेजारी माझ्याकडे पाहू लागले. "लकवा, लकवा झाला," मी पटकन म्हटलं. ते गेल्यावर माझ्या डोक्यातून मात्र ते जाईना. लकवा हा अरबीतून आलेला, तोंड वाकडं करणारा रोग. चकवा आपला घरचा, चकवण्यातला. आमच्याकडे माणूस रात्री स्वतःच्याच वावरात गोल गोल फिरत राहतो आणि बांध ओळखीचा असून वाट सापडत नाही, तेव्हा त्याला चकवा लागला म्हणतात. मी उगाच दुरुस्त केलं. यांनी आपली अवस्था बरोबर सांगितली होती.

होळीच्या सुमाराची गोष्ट. दुपारी हे म्हणाले, "पोयी." मी पोळी आणून ठेवली. मान हलवली. "पोयी... पोयी..." मी तूप आणलं, गूळ आणला. शेवटी डाव्या हातानं त्यांनी हवेत आडवी दोरी ओढली, तिला पानं लावली, दोन बोटांची शिंगं करून दाखवली. पोळा! मी म्हटलं, "अहो, पोळ्याले लय टाइम हाये अजून." त्यांनी हात गळ्याला लावला, मग तोंडाला लावला, आणि नाही नाही अशी मान हलवली. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. सासरे गेले तेव्हासुद्धा मी यांना रडताना पाहिलं नव्हतं. त्या दिवसापासून आमच्या घरात एकच प्रश्न राहिला. हे पोळ्याला झडती म्हणणार की नाही?

लेक अकोल्यात असते. तिनं तिथल्या एका स्पीच थेरपीवाल्या मॅडमचा पत्ता काढला. दर आठवड्याला आम्ही अकोल्याला जाऊ लागलो. मॅडम वयानं लेकीएवढीच, पुण्यात वाढलेली, लग्न होऊन नुकतीच अकोल्यात आलेली. बोलणं गोड, हसणं मोकळं. पहिल्या दिवशी तिनं चित्रं दाखवली. डोळ्याचं चित्र. हे म्हणाले, "डोया." तिनं कागदावर फुली मारली. फुलांच्या माळेचं चित्र. हे म्हणाले, "माय." तिनं फुली मारली आणि बाजूला लिहिलं की रुग्ण माळ पाहून आईचा उल्लेख करतो.

माझा पारा चढला. "मॅडम, त्या दोन्ही फुल्या आधी खोडा," मी म्हटलं. "आमच्याकडे माळेले मायच म्हणतात अन् मायलेबी मायच म्हणतात. माणूस पास झालाय. तुमी कावून नापास करून राहिल्या?"

बिचारीचे कान लाल झाले. पण दुसरी कोणी असती तर तोंड वाकडं केलं असतं, ही खळखळून हसली. फुल्या खोडल्या, बरोबरच्या खुणा केल्या आणि म्हणाली, "काकू, मग तुम्ही मला वऱ्हाडी शिकवा, मी काकांना बोलायला शिकवते." तिथून आमचं जमलं.

तिनं दोन गोष्टी सांगितल्या. एक अशी, की आरती, पाढे, शिव्या, म्हणी हे पाठ झालेलं बोलणं मेंदूत वेगळ्या कप्प्यात असतं, ते बऱ्याचदा शाबूत राहतं. काका आरती म्हणतील, पण त्यावर फार हुरळू नका. स्वतः जुळवलेलं नवं वाक्य बोलतील तेव्हा पेढे वाटा. दुसरी गोष्ट माझ्यासाठी होती. "काकू, ते अडले की शब्द त्यांच्या हातात देऊ नका. थांबा. कितीही वेळ लागू द्या, थांबा." मी हो हो म्हटलं. लिफ्ट खाली येईपर्यंत मी यांना दोन शब्द देऊन मोकळी झाले होते.

घरी करायला तिनं सारख्या आवाजाच्या शब्दांच्या जोड्या दिल्या. जवळजवळचे दोन शब्द घ्यायचे, दोन्ही म्हणायला लावायचे आणि फरक ओळखायला लावायचा. आता हे तर माझंच शेत! शाळेत हेच केलं जन्मभर. पण नुसती चिठ्ठी समोर धरली की हे कंटाळायचे, खिडकीबाहेर पाहायचे. मग मी एक दिवस सांगितलं, "ऐका. शिर म्हणजे डोकं. संस्कृतातल्या शिरस् वरून आलं. शीर म्हणजे रक्ताची नळी, ती शिरा या शब्दावरून. दोघांचं गोत्र वेगळं. तुमच्या शिरातली एक शीर रुसली, म्हणून हा सगळा कारभार झाला." यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. बोट कपाळाला लावून म्हणाले, "शिर." मग मनगटावर ठेवून, "शीर." चूक नाही, अडखळणं नाही.

बस्स, मला वाट सापडली. शब्द कुठून आला ते सांगितलं की तो यांच्या डोक्यात बसतो. का बसतो ते पुढे यांनीच खुणांनी सांगितलं. हातानं गाडीच्या कपाळावरची पाटी दाखवली. कंट्रोलरला गाडी रंगावरून ओळखता येत नाही, सगळ्या लालच. ती कुठून आली आणि कुठं चालली हे कळलं की मग चुकत नाही.

मग काय, रोज सकाळी चहानंतर आमचा वर्ग भरू लागला. पाणी आणि पाणि घेतले. पाणी हे पानीय, म्हणजे पिण्याजोगं. पाणि म्हणजे हात, म्हणून पाणिग्रहण. "आपल्या लग्नात तुमी माहा हात धरला होता, पानी नाई," मी म्हटलं, तर यांनी माझा हात धरूनच दाखवला. उपहार आणि उपाहार घेतले. उपहार म्हणजे भेट, उपाहार म्हणजे फराळ, त्यात आहार लपलेला आहे. रस्त्यानं कितीतरी हॉटेलांवर उपहारगृह लिहिलेलं असतं, तिथं गेलं तर फुकट भेटवस्तू द्यायला पाहिजे, नाही का? हे पोट धरून हसले. अक्कल, नक्कल, शक्कल या तिघी अरबीतून आलेल्या. नक्कल म्हणजे मुळात उतरवून घेणं, शक्कल म्हणजे मुळात चेहरामोहरा, आपल्याकडे येऊन तिची युक्ती झाली. "आणि अक्कल?" मी विचारलं. यांनी बोट माझ्याकडे केलं आणि नाही अशी मान हलवली. थट्टा! तोंडातून शब्द निघत नव्हता, पण थट्टा निघाली. मी वरवर रागावले आणि आत जाऊन लेकीला फोन केला.

पोळा आणि पोळी मी राखून ठेवले होते. पोळी ही पोलिकेवरून आली. पोळा हा पोळ या शब्दावरून, पोळ म्हणजे बैल, मोकळा सोडलेला वळू. "झडती कुठून?" हे यांनीच डोळ्यांनी विचारलं. मी कोश चाळले, पटण्यासारखं काही मिळालं नाही. पोलीस घेतात ती झडती कपडे झाडण्यातली. आपली झडती झडण्यातली असावी, नगारा झडतो, पावसाची झड लागते, तशी. हा माझा आपला अंदाज. यांना तो पटला असावा. "झड," ते म्हणाले आणि बोटांनी पाऊस पाडून दाखवला.

भांडणंही झाली. शब्द देऊ नका म्हणजे देऊ नका, पण माझी जीभ ऐकेल तर शपथ. एक दिवस हे अडकित्त्याकडे बोट करून "अ... अड..." करत होते आणि मी "अडकित्ता, अडकित्ता!" म्हणून तो हातात कोंबला. यांनी तो पलंगावर आपटला. "थांब ना वं!" ओरडले. "मले... बोलू दे!" एवढं सरळ, नवंकोरं वाक्य संक्रांतीनंतर पहिल्यांदा ऐकलं, आणि ते माझ्यावर खेकसण्यासाठी. मला राग यायला पाहिजे होता. मी खाली जाऊन पेढे आणले.

उन्हाळा गेला, पावसाला सुरुवात झाली. दुपारी जेवण झालं की हे गॅलरीत खुर्ची टाकून बसायचे आणि एकटेच पुटपुटायचे. मी आतून ऐकायचे. "काटे... वाटे... ताटे..." परत तेच. "काठी... पाठी... साठी..." सकाळी बरोबर म्हटलेले शब्द दुपारी हे असे पुन्हा गळपटत होते. "काटे नाई हो, काठी! काठी!" मी आतून ओरडायचे. हे "हाव", म्हणजे हो, म्हणायचे आणि परत सुरू. मी मॅडमला फोन करून रडवेली झाले. ती म्हणाली, "काकू, करू द्या. दुपारी त्यांना एकटं सोडा." मला वाटलं, मनातून तिनं हात टेकले असतील आणि सांगत नसेल.

म्हणून मी माझा बंदोबस्त करून ठेवला. पाठ केलेलं शाबूत राहतं ना? मग मीच नवी झडती रचली. यांना जमलेल्या शब्दांचीच रचली, म्हणजे पाय घसरायला नको.

"महादेवाले बेल, अन् वावराले बैल,
एकाचं पान हिरवं, एकाची येसन सैल..."

पुढच्या दोन ओळीही अशाच घोटीव होत्या. बिल्वाचा बेल आणि प्राकृतातल्या बइल्लाचा बैल, दोघांची गाठ घालून दिली म्हणून मी स्वतःवर खूश होते. रोज दहा वेळा म्हणून घेतली. हे शहाण्या विद्यार्थ्यासारखे म्हणायचे. नागपंचमीपर्यंत अशी पाठ झाली की झोपेतून उठवलं तरी म्हणतील. झडती नवी होती, कोणी शिळी म्हणू शकत नव्हतं, आणि मान राहत होता. मी सुखानं झोपू लागले.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आम्ही वलगावला गेलो. संध्याकाळी बैलांच्या खांद्यांना तूप-हळद लावायची असते. दिरांनी बैल अंगणात आणले, यांनी डाव्या हातानं एकेकाचा खांदा चोळला आणि कानाशी लागून म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." एका दमात. दिरांनी तोंड फिरवलं आणि शेल्यानं डोळे पुसले. मला मॅडमचं बोलणं आठवत होतं, हे पाठातलं आहे, हुरळायचं नाही. तरी हुरळलेच.

तेवढ्यात चुलत दीर आले. खालच्या आळीचे, उत्तरवाले. इकडचं तिकडचं बोलून मला बाजूला घेऊन म्हणाले, "वहिनी, दादाले जीवावरचं करू नका. तुमी म्हनत असान तर यंदा पयली झडती मी म्हनतो. गावात कोनी काही बोलनार नाई." माणूस मनापासून बोलत होता, हे आता कळतं. तेव्हा मी भडकले. "तुमी तुमचं उत्तर तयार ठेवा भाऊजी," म्हटलं. "तेच कमी पडन उद्या."

पोळ्याच्या दिवशी आभाळ होतं, पण पाऊस नव्हता. मारुतीच्या देवळासमोर तोरण बांधलेलं. बैलांची शिंगं रंगवलेली, पाठीवर झुली, गळ्यात घुंगरमाळा. आम्ही बाया देवळाच्या ओट्यावर. तोरणाजवळ बायांनी जायचं नाही असा काही लिहिलेला नियम नाही, पण कोणी जात नाही. माझ्या एका बाजूला जाऊ, दुसऱ्या बाजूला अकोल्याहून आलेली लेक.

हे काठी टेकत पुढे गेले. वरच्या आळीनं वाट करून दिली. समोर चुलत दीर हात बांधून उभे. गलका हळूहळू कमी झाला. मी ओठ हलवू लागले, महादेवाले बेल, महादेवाले बेल.

यांनी तोंड उघडलं.

"वावराले कुंपन..."

गेलं! कसलं कुंपन? माझ्या चार ओळींत कुठंही कुंपण नव्हतं. पाठ केलेलं सगळं वाहून गेलं असं मला वाटलं. मी लेकीचा हात धरला.

"वावराले कुंपन, कुंपनाले काटे,
घरी माही मास्तरीण, शब्द जोडीनं वाटे!"

माणसं हसली. वरची आळी हसली, खालची हसली, ओट्यावरच्या बाया माझ्याकडे वळून हसल्या. मला कळायलाच वेळ लागला. काटे, वाटे. दुपारी गॅलरीत हे गळपटत नव्हते. हे जुळवत होते! माझी घोटीव झडती रोज दहा वेळा निमूटपणे म्हणून दाखवत होते आणि दुपारी खुर्चीत बसून आपली स्वतःची रचत होते, माझ्यावर, आणि मी आतून "काटे नाई, काठी" म्हणून ओरडत होते.

"लकवा आला दारी, हाती त्याच्या काठी,
मास्तरीण पाहून..."

आणि थांबले.

एका बैलानं मान झटकली, घुंगरं वाजली. यांचे ओठ हलत होते. "पा... पोया..." नाही. मान हलवली. "पोयी..." नाही. डोळे मिटले. हेच ते डोळे मिटणं, मला न पाहवणारं. गावातल्या कोणी चकार शब्द काढला नाही. एकही पोर फिदीफिदी हसलं नाही. चुलत दीर खाली आपल्या पायांकडे पाहत उभे होते. शब्द मला माहीत होता. पूर्ण ओळ मला माहीत नव्हती, पण लकवा मास्तरणीला पाहून दुसरं काय करणार? शब्द माझ्या जिभेच्या टोकावर येऊन बसला होता आणि मी जन्मात कधी जिभेवर आलेला शब्द परत गिळला नव्हता. मी पदराचा बोळा करून तोंडात कोंबला. जाऊबाईंनी माझं मनगट असं आवळलं की बांगडी रुतली.

यांनी डोळे उघडले. ओट्याकडे पाहिलं. मी तोंडात पदर घेऊन उभी आहे हे त्यांनी पाहिलं असणार, कारण त्यांच्या तोंडाची चांगली बाजू वर गेली.

"पयाला!" आवाज बसस्टँडवरचा. "मास्तरीण पाहून पयाला, काठी सोडून माह्यासाठी!"

आणि काठी वर उचलून, काठीशिवाय दोन पायांवर उभे राहून, "एक नमन गौरा पारबती, हर बोला..."

"हर हर महादेव" इतकं मोठं झालं की बैल बुजले. दीर नाचत होते. लेक रडत होती, मी हसत होते की रडत होते ते मला सांगता येणार नाही. संक्रांतीपासून माझी कोणी अशी चारचौघांत खिल्ली उडवली नव्हती. काय बरं वाटलं म्हणून सांगू!

आता उत्तराची पाळी खालच्या आळीची. चुलत दीर पुढे आले. घसा खाकरला, शेल्यानं तोंड पुसलं आणि हात जोडले. "दादा, ह्या झडतीले माह्यापाशी उत्तर नाई," म्हणाले. "जिच्यावर झडती हाये, तिनंच उत्तर द्यावं. या वहिनी, खाली या."

ओट्यावर एकच गिल्ला झाला. "जा वं, जा!" बायांनी मला ढकललंच. तोरणाखाली आजवर कोणी बाई बोलली नव्हती, आणि आता सारं गाव वाट करून माझ्याकडे पाहत होतं. मी उतरले. यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. तोंड उघडलं.

एक शब्द येईना. शिर येईना, शीर येईना, बेल येईना, बैल येईना. दुसऱ्यांच्या तोंडातले शब्द काढून घेणारी मी, आणि माझ्या तोंडात आज कापूस भरला होता. मागून कोणीतरी, बहुतेक जाऊबाई, काहीतरी सुचवू लागल्या.

यांनी डावा हात वर करून त्यांना गप्प केलं. "थांबा," म्हणाले. "तिले... बोलू द्या."

आणि काठीवर रेलून, अर्ध्या तोंडानं हसत, ते माझा शब्द येईपर्यंत थांबले.